माल कोणाचा, दुकान कोणाचे?

या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय आहे जपानमधली डिपार्टमेंट स्टोअर्स आणि त्यांत बसलेले महागडे फॅशन ब्रँड. काही पत्रे फिरायला निघालेल्यांची आहेत, काही तिथे नोकरीला असलेल्यांची, एक अभ्यासासाठी आलेले. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत. अभ्यासाचे पत्र आधी घेतो, कारण बाकीच्या निम्म्या शंका त्यातच सुटतात.

प्रश्न : मी रिटेल मॅनेजमेंटचा विद्यार्थी आहे. जपानी डिपार्टमेंट स्टोअर माल विकत घेत नाही, तरी विकते, असे वर्गात सांगितले. हे कसे? आणि त्यांच्या ताळेबंदात २०२१नंतर विक्री एकदम निम्म्यावर आल्यासारखी दिसते, ती कोरोनामुळे का? – एक विद्यार्थी, पुणे

वर्गात सांगितले ते खरे आहे. तिथे माल घेण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली काइतोरी, म्हणजे रोख विकत घेणे. माल दुकानाचा, आणि उरला तर नुकसानही दुकानाचे. दुसरी इताकु. माल पुरवठादाराचाच राहतो, दुकान तो ठेवून घेते आणि न खपलेला परत पाठवते. तिसरी शोका शिइरे. जपानी डिपार्टमेंट स्टोअरमधल्या कपड्यांच्या बहुतेक मजल्यांचा कारभार या तिसरीवर चालतो. हिच्यात गल्ल्यावर पावती फाटेपर्यंत माल ब्रँडचा असतो. पावती फाटली की त्याच क्षणी दोन नोंदी होतात : दुकानाने ब्रँडकडून माल घेतला आणि गिऱ्हाइकाला विकला. मालकी दुकानाकडे येते ती डोळ्याची पापणी लवेपर्यंतच.

उदाहरणादाखल करापूर्वी १,००,००० येनचा एक कोट धरा आणि दुकानाचा वाटा ३० टक्के ठरला आहे असे समजा. कोट विकला तर दुकानाला ३०,००० आणि ब्रँडला ७०,००० मिळतात. नाही विकला तर दुकानाचा एक येनही अडकत नाही. बदल्यात ब्रँडला जागा मिळते, दुकानाचे नाव मिळते आणि दुकानाचे जुने गिऱ्हाईक मिळते. काउंटरवर उभी असलेली मुलगी बहुधा ब्रँडची नोकर असते, पगारही तिथलाच. या पाठवलेल्या विक्रेत्यांना हाकेन म्हणतात. म्हणून एखादी पर्स त्या रंगात नसेल तर ती मुलगी ब्रँडच्या इतर दुकानांत चौकशी करते. शेजारच्या काउंटरवर काय आहे ते तिला फारसे माहीत नसते, आणि माहीत असावे अशी अपेक्षाही नसते.

ही रीत काही मुळापासूनची नव्हे. मित्सुई ताकातोशी यांनी १६७३मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया हे कापडाचे दुकान काढले. आजचे मित्सुकोशी हे डिपार्टमेंट स्टोअर ते हेच. तोवर कापडवाले सरदारांच्या वाड्यावर माल घेऊन जात, भाव घासाघीस करून ठरे आणि पैसे वर्षातून दोनदा मिळत. एचिगोयाने दुकानातच रोखीने आणि एकाच भावाने विकायला सुरुवात केली. शिवाय अख्खा तागा घ्यायची सक्ती काढून हवे तेवढे कापड फाडून द्यायला सुरुवात केली. तो माल दुकानाचा होता, पारखही दुकानाची होती आणि जोखीमही. दुसऱ्या महायुद्धानंतर दुकानांकडे भांडवल नव्हते. तेव्हा कपडे बनवणाऱ्या काशियामा या कंपनीने, म्हणजे आजच्या ओन्वार्ड काशियामाने, ‘उरलेला माल आम्ही परत नेऊ, विकायला माणसेही आमचीच देऊ’ अशी बोली केली. दुकानांना ती गोड लागली. मग हळूहळू कपड्यांची पारख असणारे दुकानाचे स्वतःचे खरेदीदार कमी होत गेले. आमच्या मते आजच्या दुखण्याचे मूळ इथे आहे : जो माल घेण्यात चूक होऊ शकत नाही, तो निवडायची अक्कलही शिल्लक राहत नाही. आणि परत येणाऱ्या मालाचा खर्च कुठे जातो? तो आधीच किमतीत घातलेला असतो.

आता ताळेबंदाचे. हिशेबाचे नवे नियम २०२१पासून लागू झाले. त्यानुसार शोका शिइरेत दुकानाने पूर्ण १,००,००० विक्री दाखवायची नाही, आपल्या वाट्याचे ३०,०००च दाखवायचे. म्हणून आकडा कोसळलेला दिसतो. गिऱ्हाईक पळाले म्हणून तो कोसळलेला नाही. जुन्या वर्षांशी तुलना करायची असेल तर कंपन्या वेगळा छापतात तो ‘सोगाकु उरिआगेदाका’, म्हणजे एकूण विक्रीचा आकडा घ्या. प्रकल्पात ही चूक अनेकांच्या हातून होते.

एक चौथी वाटही आहे, सरळ भाड्याची. टोकियोच्या गिन्झा भागातले मात्सुझाकाया हे डिपार्टमेंट स्टोअर पाडून त्या जागी एप्रिल २०१७मध्ये गिन्झा सिक्स उघडले, त्यात २४१ दुकाने होती. तिथे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने जागा दिल्या जातात. मालक कंपनी डिपार्टमेंट स्टोअरच्या घराण्यातली, पण ती इमारत डिपार्टमेंट स्टोअर नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे एका डिपार्टमेंट स्टोअरचे कार्ड आहे. कपड्यांवर सवलत मिळते, पण लुई व्हितॉन, शानेल, एर्मेसच्या काउंटरवर ‘इथे लागू नाही’ म्हणतात. एकाच इमारतीत दोन नियम का? – एक वाचक, निशि-कासाइ, टोकियो

कारण सवलत कोणाच्या खिशातून जाते याचा करार प्रत्येक ब्रँडशी वेगळा असतो. साध्या कपड्यांच्या ब्रँडला दुकानाची गरज जास्त असते, म्हणून तो मोठा वाटा देतो आणि त्यातून दुकान गिऱ्हाइकाला ५-१० टक्के सोडते. मोठ्या युरोपीय ब्रँडच्या बाबतीत पारडे उलटे आहे. ते आले की दुकानाची पत वाढते, म्हणून दुकानच कमी वाटा घेते आणि कोपऱ्यावरची दर्शनी जागा देते. एवढ्याशा वाट्यातून सवलत कुठून देणार? शिवाय आपल्या मालावर सवलत दिसू नये हा त्या ब्रँडचा आग्रह असतो. जानेवारीच्या आणि जुलैच्या सेलमध्येही हे काउंटर शांत असतात, त्याचे कारण हेच.

या पारड्याचा इतिहास १९७८पासूनचा आहे. त्याआधी पॅरिसहून परस्पर माल आणून जपानात अव्वाच्या सव्वा भावाने विकला जाई. लुई व्हितॉनने मधला आयातदार काढून टाकला आणि टोकियो-ओसाकातल्या डिपार्टमेंट स्टोअर्सशी थेट करार करून दुकाने मांडली. तेव्हापासून भाव ठरवण्याची दोरी ब्रँडच्या हातात आहे.

प्रश्न : ‘गाइशो’ म्हणजे काय? श्रीमंतांच्या घरी दुकानातून माणूस येतो, असे ऐकले. आमच्या लहानपणी घरी गाठोडे घेऊन साडीवाला यायचा, तसेच का? – एक वाचक, नागपूर

जात तीच, पण गाठोड्यात काय असते ते वेगळे. गाइशो म्हणजे दुकानाबाहेरची विक्री. एचिगोयाने जी वाड्यावर जाण्याची पद्धत सोडली, तीच अतिश्रीमंतांसाठी मागच्या दाराने टिकून राहिली असे म्हणायला हरकत नाही. मित्सुकोशीत या गिऱ्हाइकांना अजून ‘ओ-चोबा’ म्हणतात. चोबा म्हणजे दुकानातली हिशेबाची बैठक, जिथे ज्याच्या त्याच्या नावाची वही असे.

प्रत्येक घराला एक ठरलेला माणूस असतो. तो घड्याळ, दागिना, चित्र, किमोनो घेऊन घरी येतो. मुलीच्या लग्नातल्या परतभेटी, उन्हाळ्यातले चूगेन आणि वर्षअखेरचे सेइबो या भेटींच्या याद्या तोच सांभाळतो. गेल्या वर्षी कोणाला काय पाठवले हे घरच्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. गिऱ्हाईक दुकानात आले तर तो सोबत फिरतो. वेगळी बैठकीची खोली असते, चहा असतो, आणि बिल महिन्याच्या शेवटी एकदम येते. निवडक घरांसाठी खास प्रदर्शनेही भरवली जातात. इसेतान या डिपार्टमेंट स्टोअरचे ‘तानसेइकाइ’ त्यांतले नावाजलेले.

आत शिरायची रीत बहुधा आमंत्रणाची. दुकानाच्या कार्डावर सलग काही वर्षे मोठी खरेदी झाली की दुकान स्वतः विचारते. काही दुकाने अर्ज घेतात आणि उत्पन्न तपासतात. आकडा दुकानागणिक वेगळा असतो आणि तो सहसा सांगत नाहीत. सवलत मिळते, पण मोठे ब्रँड इथेही तिच्याबाहेरच राहतात. आपल्याला वाटेल की एवढा खर्च करणारा माणूस सवलतीसाठी येतो. तो येतो ते रांग टाळायला, आणि जी वस्तू काचेत मांडलेलीच नाही ती दाखवली जावी म्हणून. इथे ब्रँड आणि दुकान यांच्यात एक मुकी ओढाताण चालते. पर्स ब्रँडची, पण गिऱ्हाइकाची वही दुकानाची. म्हणूनच ब्रँड आपल्या काउंटरवर तुमचे नाव-पत्ता वेगळा मागतात.

प्रश्न : मुलगा टोकियोत नोकरी करतो, आम्ही दोघे भेटायला जाणार आहोत. पर्स घ्यायची आहे. करमाफी नेमकी किती मिळते? मुलाच्या कार्डावर घेतले तर चालेल का? – एक वाचक, डोंबिवली

मुलाच्या कार्डावर घेऊ नका. जपानात नोकरी करणारा परदेशी माणूस तिथला रहिवासी धरला जातो आणि त्याला करमाफी नाही. तुम्हाला आहे, पण पासपोर्ट ज्याचा, पैसे भरणाराही तोच लागतो. डिपार्टमेंट स्टोअरच्या काउंटरवर कार्डावरचे नाव आणि पासपोर्टावरचे नाव ताडून पाहतात. आईच्या पासपोर्टावर वडिलांचे कार्ड चालवायला गेलात तर तिथेच अडाल. पासपोर्ट मूळच लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही. त्यात विमानतळावर चिकटवलेला प्रवेशाचा कागद असावा लागतो. तो सुटून पडला नाही ना, हे हॉटेलमधून निघतानाच पाहा.

हिशेब असा. जपानात छापील किंमत करासह दाखवणे २०२१पासून बंधनकारक आहे आणि उपभोग कर १० टक्के आहे. पर्सवर १,१०,००० येन लिहिले असेल तर मूळ किंमत १,००,००० आणि कर १०,०००. म्हणजे छापील किमतीच्या १० नव्हे, ९ टक्क्यांच्या आसपास. त्यातून बरीच डिपार्टमेंट स्टोअर्स काउंटरचा खर्च म्हणून मूळ किमतीच्या सुमारे दीड टक्का कापतात. हातात साधारण ८,५०० पडतात. काही ब्रँड आपल्या दुकानातच करमाफी देतात आणि कपात करत नाहीत. तेव्हा पैसे देण्याआधी ‘करमाफी इथेच की वरच्या काउंटरवर?’ एवढे विचाराच.

तारीख मात्र सांभाळा. १ नोव्हेंबर २०२६पासून पद्धत बदलते. जुन्या पद्धतीत एका दुकानातली एका दिवसाची खरेदी करापूर्वी किमान ५,००० येन असावी लागते आणि कर तिथल्या तिथे, त्याच दिवशी सुटतो. खाण्याच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या वस्तू सीलबंद पिशवीत मिळतात. ती पिशवी जपान सोडेपर्यंत फोडायची नसते, फोडली तर कर भरावा लागतो. या वस्तूंना ५ लाख येनची वरची मर्यादाही आहे.

नव्या पद्धतीत दुकानात पूर्ण कर भरायचा. जपान सोडताना विमानतळावर कस्टम्सकडून खातरजमा झाली की पैसे परत मिळतात. खरेदीपासून ९० दिवसांच्या आत माल देशाबाहेर जायला हवा. सीलबंद पिशवी गेली, वरची मर्यादाही गेली, ५,०००ची किमान अट राहिली. लोक चुकतील ती एका ठिकाणी : सामान विमान कंपनीच्या हवाली करतील आणि मग कस्टम्सकडे जातील. दाखवायला वस्तू हातात नसेल तर खातरजमा होत नाही, आणि खातरजमा नाही तर परतावाही नाही. आधी कस्टम्स, मग बॅग. परतावा कार्डावर येणार की आणखी कसा, हे दुकानावर अवलंबून असते, तेही खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

मुंबईत उतरल्यावर शुल्कमाफीच्या मर्यादेपलीकडची वस्तू लाल मार्गाने जाऊन जाहीर करावी लागते. मर्यादा आणि दर अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी भारतीय कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहा आणि येन-रुपयाच्या हिशेबात हे शुल्क धरूनच पर्स स्वस्त की महाग ते ठरवा. तिथे करमाफीत वाचवले त्यापेक्षा जास्त इथे भरणारे लोक असतात. मगर, अजगर यांच्या कातड्याची वस्तू तर घेऊच नका. दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापाराचे नियम आड येतात आणि ती जप्त होऊ शकते.

प्रश्न : जपानी मापे कळत नाहीत. ९ नंबर म्हणजे काय? – एक वाचक, कोल्हापूर

बायकांच्या कपड्यांत ९ म्हणजे छाती ८३ सेंटिमीटर, नितंब ९१, उंची साधारण १५८. प्रत्येक पुढच्या नंबरला छाती ३ सेंटिमीटरने वाढते : ७ला ८०, ११ला ८६, १३ला ८९. नेहमीच्या मांडणीवर ७ ते ११ सहज मिळतात. त्यापुढे ‘ओओकी साइझु’, म्हणजे मोठ्या मापांचा वेगळा विभाग शोधावा लागतो. लाजू नका, विचारा, तो विभाग चांगला असतो. उंचीच्या मानाने छाती जास्त असेल तर छातीचे माप धरून घ्या आणि लांबी कमी करून घ्या.

पुरुषांच्या सुटावर ‘ए ५’ असे लिहिलेले असते. आकडा उंचीचा : ४ म्हणजे १६५, ५ म्हणजे १७०, ६ म्हणजे १७५. अक्षर छाती आणि कंबर यांतल्या फरकाचे : वाय म्हणजे १६ सेंटिमीटर, ए म्हणजे १२, एबी म्हणजे १०, बीई म्हणजे ४. ‘ए ५’ म्हणजे छाती ९२, कंबर ८०, उंची १७०. पोट सुटले असेल तर मुकाट्याने बीई मागा. आकडा वाढवून उपयोग नाही, बाह्या लोंबतात. बुटांचे माप सेंटिमीटरमध्ये असते.

युरोपीय ब्रँड मात्र आपल्या देशाचीच मापे लावतात. इटालियन ४२ म्हणजे फ्रेंच ३८, दोघांत ४चा फरक. लांबी-बाही कमी करून देणाऱ्या काउंटरला ‘ओ-नाओशी’ म्हणतात. त्याला काही दिवस लागतात, कधी आठवड्याहून जास्त. म्हणून कपड्यांची खरेदी सहलीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

प्रश्न : टोकियोत वापरलेल्या ब्रँडेड पर्स स्वस्त मिळतात म्हणे. खऱ्या असतात का? आणि कोकणच्या हवेत टिकतील का? – एक वाचक, रत्नागिरी

पहिल्यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

खरेपणाबद्दल : जुना माल विकायला जपानात पोलीस यंत्रणेमार्फत परवाना लागतो, त्याचा १२ आकडी क्रमांक दुकानात लावलेला असतो. नागोयात १९४७मध्ये सुरू झालेल्या कोमेह्योसारख्या मोठ्या दुकानांत पारख करणारी माणसे नोकरीला असतात. या व्यापारातल्या दुकानांची नकली मालाविरुद्ध एक स्वतंत्र संघटनाही आहे, तिचे चिन्ह दारावर दिसले तर बरे. माल इथे बहुधा दुकानाने रोख विकत घेतलेला असतो. म्हणजे डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जी पारख हरवली ती इथे आली आहे, कारण चूक झाली तर स्वतःचे पैसे बुडतात.

प्रत्येक वस्तूला दर्जाचे अक्षर असते : एस, ए, एबी, बी, सी. अक्षरावर जाऊ नका, खालचे बारीक टिपण वाचा किंवा मोबाइलने भाषांतर करून घ्या. तिथे चार शब्द हमखास येतात. ‘काडो-सुरे’ म्हणजे कोपरे घासलेले, हे चालते. ‘शिमी’ म्हणजे डाग. कुठे आहे ते पाहून ठरवा. ‘काता-कुझुरे’ म्हणजे आकार बिघडलेला. तो परत सरळ होत नाही. आणि ‘बेतात्सुकी’, म्हणजे चिकटपणा. हा दिसला की वस्तू खाली ठेवा.

कारण सांगतो. अनेक जुन्या पर्सच्या आतले खिसे खऱ्या कातड्याचे नसतात, कापडावर पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. हवेतली वाफ त्या लेपाचे रासायनिक बंध तोडते. पर्स वापरली काय आणि कपाटात ठेवली काय, हे चालूच राहते. आधी बोटाला चिकटते, मग सोलून भुगा पडतो. जपानचा पावसाळी जून-जुलै आणि बंद कपाटे यांमुळे तिथल्या मालात हे आधीच सुरू झालेले असू शकते, आणि रत्नागिरीच्या चार महिन्यांत ते सपाट्याने पूर्ण होईल. स्पिरिटने पुसले की चिकटपणा काही दिवस जातो, लेपही त्याबरोबर निघतो. खरा उपाय एकच, आतले अस्तर बदलणे, आणि त्याचा खर्च कधीकधी पर्सच्या किमतीजवळ जातो. म्हणून दुकानात पर्स हातात आली की बाहेरच्या चमकेआधी आतल्या प्रत्येक खिशात बोट घाला. नाकाला कुबट वास येतो का पाहा.

कोकणासाठी निवड सोपी आहे : आत कापडी किंवा खऱ्या कातड्याचे अस्तर असलेली पर्स घ्या. न रंगवलेले फिकट कातडे, ज्याचे हँडल वापराने मधासारखे होते, त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग राहतो. पावसात ती बाहेर काढू नका. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती पिशवीत ठेवा. आत न छापलेला कागद भरा, वर्तमानपत्र नको, शाई लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पावसाळ्यात बदला. पंधरा दिवसांनी एकदा पंख्याखाली वारा द्या. चकचकीत लेपाच्या दोन पर्स एकमेकींना टेकवू नका, रंग उतरतो.

जाता जाता : ‘बर्बरी ब्लू लेबल’ नावाचा माल खूप स्वस्तात दिसेल. तो नकली नाही. सान्यो शोकाइ ही जपानी कंपनी परवान्याने तो फक्त जपानसाठी बनवत असे, तो करार २०१५मध्ये संपला. लंडनचा माल समजून घेऊ नका आणि माप बेताचे असते हे लक्षात ठेवा.

प्रश्न : जपानमधली डिपार्टमेंट स्टोअर्स बंद पडताहेत असे वाचतो, आणि दुसरीकडे विक्रमी विक्रीच्याही बातम्या येतात. खरे काय? – एक वाचक, ठाणे

दोन्ही खरे. १९९१मध्ये या धंद्याची विक्री सुमारे ९.७ लाख कोटी येन होती. २०२४मध्ये ती ५.८ लाख कोटींच्या आसपास होती. पण घट सगळीकडे सारखी वाटली गेलेली नाही. यामागाता शहरातले १७०० साली स्थापन झालेले ओनुमा जानेवारी २०२०मध्ये दिवाळखोरीत गेले आणि त्या प्रांतात एकही डिपार्टमेंट स्टोअर उरले नाही. मग तीच गत तोकुशिमा, जानेवारी २०२४मध्ये शिमाने, आणि त्याच जुलैत गिफू या प्रांतांची झाली. उलट टोकियोतल्या शिंजुकूच्या इसेतानने मार्च २०२३ला संपलेल्या वर्षात ३२,७६० कोटी येन विक्री करून १९९१चा आपला विक्रम मोडला.

फरक पडतो तो ब्रँड कुठे बसतात यामुळे. मोठे युरोपीय ब्रँड देशभर मोजकी दुकाने ठेवतात. ज्या शहरात ते नाहीत, तिथल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या हाती उरतो मध्यम भावाचा कपडा, आणि त्यासाठी युनिक्लो किंवा महामार्गावरचा मॉल पुरतो. माल ब्रँडचा असल्यामुळे ब्रँड उठून जाऊ शकतो. दुकान त्याला अडवू शकत नाही, आणि स्वतः निवडलेला माल मांडायची सवय सुटलेली असते.

२०२४च्या तेजीला येनच्या घसरणीचा मोठा हातभार होता. त्या जुलैत डॉलरला १६१ येन मिळत होते आणि पॅरिसपेक्षा गिन्झात पर्स स्वस्त पडत होती. लुई व्हितॉनची मालक कंपनी एलव्हीएमएच, तिची जपानमधली विक्री त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत ५७ टक्क्यांनी वाढली, आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २८ टक्क्यांनी घसरली. प्रवाशांच्या गर्दीवर उभी असलेली वाढ येते तशी जाते.

नोकरांनाही हे कळते. डिपार्टमेंट स्टोअर्स चालवणारी सेइबु-सोगो कंपनी गुंतवणूकदारांना विकायच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्ट २०२३ला, टोकियोत इकेबुकुरोच्या सेइबुचे दरवाजे संपामुळे बंद राहिले. जपानी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये असा संप सहा दशकांत झाला नव्हता.

प्रश्न : आम्हाला काही घ्यायचे नाही, परवडणारही नाही. नुसते पाहायला गेलो तर चालते का? – एक वाचक, मडगाव

खुशाल जा, कोणी हटकत नाही. टोकियोच्या निहोनबाशीला उघडायच्या वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचा. दार उघडताच दोन्ही बाजूंना नोकर वाकून स्वागत करतात. मित्सुकोशीच्या दारातले सिंह १९१४चे आहेत. जवळच ताकाशिमायाची १९३३ची इमारत, राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा ठरलेले पहिले डिपार्टमेंट स्टोअर. तिथल्या जुन्या लिफ्ट अजून माणूस चालवतो.

आत एक गोष्ट निरखा. तळघरात खाऊ, तळमजल्यावर प्रसाधने, सर्वात वर प्रदर्शने आणि जेवण. वर चढवलेले गिऱ्हाईक जिन्याने पाझरत खाली येते, त्याला तिथे शॉवरचा परिणाम म्हणतात. तळघरातून वर खेचले जाते, तो कारंज्याचा. होक्काइदोच्या खाऊचे प्रदर्शन वरच्या मजल्यावर का भरते, ते आता कळेल. तळघरातून दोनशे ग्रॅम लोणचे घेतलेत तरी कागदी पिशवी तीच मिळते, आणि बाहेर पाऊस असेल तर तिच्यावर प्लास्टिकचे आवरण. आतल्या नोकरांना पाऊस कसा कळतो? दुकानातले संगीत बदलते.

भेट म्हणून काही घेतले तर ‘पुरेझेन्तो-यो देस’ म्हणा. कागद तिरका ठेवून, वस्तू फिरवत, जवळजवळ एकाच पट्टीने ते बांधतात. घरासाठी असेल तर ‘जिताकु-यो’.

प्रश्न : हॉटेलवर आल्यावर वस्तूत दोष दिसला तर परत घेतात का? – एक वाचक, वाशी

दोष असेल तर बहुतेक ठिकाणी बदलून देतात, पण पावती आणि न वापरलेली वस्तू घेऊन त्याच दुकानात जावे लागते. जुन्या पद्धतीने करमाफी घेतली असेल तर तीही आधी उलटवावी लागते, म्हणून पासपोर्ट न्या. नुसते मन बदलले म्हणून परत घेणे दुकानाच्या मर्जीवर आहे, दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला कायद्याने तशी मुदत नाही. तक्रार दुकानाच्या माहिती-काउंटरवर नेऊ नका, ते तुम्हाला पुन्हा ब्रँडकडेच पाठवतील.

पैसे देण्याआधी विक्रेता हातमोजे घालून वस्तू तुमच्यासमोर चारही बाजूंनी फिरवतो आणि ‘ठीक आहे ना?’ असे विचारतो. आपण संकोचाने मान डोलावतो. डोलावू नका, तेवढ्यासाठीच तो थांबलेला असतो. चेन दोनदा उघडा-मिटा, शिवण पाहा, आतला खिसा उलटा करा.